पंचांगात नसलेलं ग्रहण

बाई, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात, त्याहून आज मी मोठी आहे. तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की पदर सारखा करून उभं राहावंसं वाटतं. आज दुपारी जेवताना आमच्याकडे वाद झाला. आपलं सरकार आता आपली माणसं वर अवकाशात पाठवणार, त्याची बातमी होती. जावई म्हणाले, "एवढ्या पैशात किती दवाखाने झाले असते." माझी मुलगी म्हणाली, "दवाखाने बांधायला कुणी अडवलंय? हा पैसा वाचवला तर तो तिकडेच जाईल, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" दोघंही हातातला घास तसाच ठेवून बोलत होती आणि आमटी निवत चालली होती. मग मुलगी माझ्याकडे वळली. "आई, तू बोलली होतीस ना गं यावर, साताऱ्याला? सांग की, कुणाचं बरोबर?" मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि उठले. दूध केव्हाच तापवून झालं होतं. ओट्याशी उभी राहून पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. वादाची नाही भीती वाटत, बाई. वर माणूस आहे आणि खाली कुणीतरी 'आता पुरे' म्हणणार आहे, याची वाटते. ही भीती कुठून आली ते तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं, आणि नेमकं तुम्हालाच मी ते कधी सांगितलं नाही.

दुष्काळाचं ते वर्ष आठवतं? माझं गाव जतकडचं. विहिरींचे तळ दिसत होते, गुरं विकून झाली होती, आणि आई रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी सांगलीत मावशीकडे राहून अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, शिकत होते. तुम्ही आम्हाला गणित आणि शास्त्र शिकवायचात. साताऱ्याला वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, माणसाला अवकाशात पाठवण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा काय. आपल्या शाळेकडे अनुकूल बाजू आली. म्हणजे करावा, असं मला बोलायचं होतं. रविवारी सकाळी गणपतीचं दर्शन घेऊन मी तुमच्या घरी यायची. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत असायच्या, वातीच्या स्टोव्हवर चहाचं आधण असायचं, आणि मी भिंतीशी उभी राहून बोलायची. खडा सापडला की तुमचा हात थांबायचा. माझ्या बोलण्यात चूक झाली तरी थांबायचा. त्यामुळे हात थांबला की आधी मला धडकीच भरायची, आणि मग बघायची की तो खडा आहे की माझी चूक.

तुमची एक पद्धत होती. आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. "ते काय म्हणतील, सांग." मी म्हणायची, पैसा फार लागतो. "हे कुणीही म्हणेल. आणखी काय म्हणतील?" मला सुचायचं नाही. मग तुम्हीच सांगायच्या. ते म्हणतील, माणूसच कशाला पाठवायचा? यंत्र पाठवा. यंत्राला जेवण लागत नाही, हवा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला परत आणावं लागत नाही. माणूस पाठवला की त्याला सुखरूप खाली आणणं आलं. "म्हणून प्रश्न नुसता किती पैसा, एवढा नाही," तुम्ही म्हणालात. "कुठवर जायचं आहे, आणि तिथून परत येईपर्यंत मागे उभं राहायची तयारी आहे का, असा आहे. तयारी असेल तर करा. नसेल तर पहिला पैसासुद्धा घालू नका. मध्येच सोडणं सगळ्यांत महाग पडतं." एवढं बोलून तुम्ही मला पोहे दिलेत. मी वहीत सगळं लिहून घेतलं, पाठ केलं. मला समजलंही होतं, बाई. न समजून मी ते केलं नाही.

साताऱ्याला आपण यष्टीने गेलो. वाटेत रस्त्याच्या कडेला बायकांची रांग बसली होती, डोक्यावर पदर, पुढ्यात दगड, हातात हातोडी. त्यात माझी आई असणं शक्य नव्हतं, ती तिकडे जतला होती. तरी मी प्रत्येकीचं तोंड बघत गेले. दिवाळीला घरी गेले होते तेव्हा आईने माझी वेणी घालताना केस अडकले होते, तिच्या बोटांच्या भेगांत. ती हसून म्हणाली होती, "तुजं क्यास लय मऊ हायती गं, माजं हात आता घासणी झाल्याती." सभागृहात माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते हात होते. मी उभी राहिले. अनुकूल बाजूची पहिली दोन वाक्यं बोलले. मग थांबले, आणि म्हणाले, "मी ही बाजू मांडायला आले आहे, पण मांडणार नाही. माझी आई खडी फोडते." पुढे काय काय बोलले ते धड आठवत नाही. शेवटचं मात्र लख्ख आठवतं. "हे सगळं आजच्या आज बंद करा. वर जे आहे ते वरच सोडून द्या, आणि खाली बघा." टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी सांगितलं की मुलीने बाजू सोडली, सबब क्रमांक देता येत नाही, पण तिच्या धैर्याचं कौतुक. पुन्हा टाळ्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवत नव्हता.

कराड मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणालात, "तू जे बोललीस ते खोटं नव्हतं." मला हायसं वाटलं, तेवढ्यात पुढचं आलं. "पण आईचे हात तू टाळ्यांसाठी वापरलेस. आणि वर आहे ते वरच सोडून द्या म्हणालीस. वर कोण आहे, विचार केलास? त्याचीही आई असेल." मी रडले. तुम्ही पिशवीतून संत्रं काढलंत, सोललंत, अर्धं माझ्या हातावर ठेवलंत. मी ते खाल्लं नाही, हातात धरून सांगलीपर्यंत नेलं. रागावले होते मी. खरं बोलल्यावर बोलणी बसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर भेटायला आले तेव्हा तुम्हीच विषय काढलात. अमेरिकेने वर घर बांधलं होतं, स्कायलॅब. "तुझं काही ऐकलं नाही त्यांनी," म्हणून हसलात. तीन वेळा माणसं जाऊन राहून आली, एकदा महिना, मग दोन, मग जवळजवळ तीन, आणि मग घर बंद करून खाली आली. मी विचारलं, आता त्या घराचं काय? तुम्ही म्हणालात, फिरत राहील. हळूहळू खाली येत जाईल. त्याला वर ढकलायला नवं वाहन लागेल, आणि त्याचा पैसा नि वेळ जुळला तर ठीक. "आणि नाही जुळला तर?" तुम्ही खांदे उडवलेत. त्या एका गोष्टीचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, म्हणून ती माझ्या मनात राहिली.

मग माझं लग्न झालं. आष्ट्याजवळचं गाव, उसाची जमीन, मालक सैन्यात. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पहिल्या खेपेला मला सहावा महिना होता तेव्हा ग्रहण आलं. आत्याबाई म्हणाल्या, "आज इळीला हात लावायचा न्हाई. काय चिरायचं न्हाई, काय मोडायचं न्हाई. गप पडून ऱ्हायचं." मी मान हलवली. पण तुम्ही फळ्यावर तीन वर्तुळं काढून ग्रहण शिकवलं होतं, ते माझ्या डोक्यात होतं. सावली ती. सावलीने काय होतं? आत्याबाई देवळात गेल्यावर मी विळी ओढली आणि एक दोडका चिरला. भाजीची गरज नव्हती, बाई. तुमच्यावर विश्वास आहे हे माझं मलाच दाखवायला चिरला. मुलगा झाला. तीन दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, काळीज जन्मापासूनच अधू होतं, कुणाचा दोष नाही. मी दोडक्याचं कुणाला सांगितलं नाही. तुमचं सांत्वनाचं पत्र आलं, त्याला उत्तर लिहिलं नाही. देवापुढे बसून मी स्वतःला दोष देत होते, पण त्यातला थोडा तुम्हालाही देत होते. तो किती दिला हे देवाला माहीत.

दुसऱ्या खेपेला सातवा लागला आणि रेडिओवर रोज स्कायलॅबचं यायला लागलं. नवं वाहन झालं नव्हतं, पैसा आणि वेळ जुळले नव्हते, आणि घर खाली येत होतं. कुठे पडेल सांगता येत नाही म्हणायचे, आणि लगेच पुढे, घाबरण्याचं कारण नाही. गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, म्हणे मरायचंच आहे तर खाऊन मरू. मुंबईला गेलेली पोरं परत आली. पारावर एक म्हातारा म्हणायचा, "पडलंच तर माज्या बांधावर पडू दे रं. भावकीचा बांधाचा वाद तरी मिटंल." सगळे हसायचे. मी हसले नाही. मला साताऱ्याचं सभागृह ऐकू यायचं. वर जे आहे ते वरच सोडून द्या. मीच म्हटलं होतं ना? लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अमेरिकेने माझं भाषण ऐकलं नव्हतं, एवढी अक्कल मला होती. पण देवाने ऐकलं असेल तर? बोललेलं फिरून आपल्याच घरावर येतं असं माझी आई म्हणायची. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या पृथ्वीवर ते मलाच हुडकत येतंय, मला नाही, पोटातल्याला. दिवसातून दहा वेळा मी अंगणात जाऊन वर बघायची आणि पोटावर दोन्ही हात धरून आत यायची.

सोमवारी कार्ड आलं. तुमच्या धाकट्या बहिणीने लिहिलं होतं. ताईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आहे, फार दिवस नाहीत, तुमची आठवण काढते, जमल्यास लगेच येऊन जावे. आत्याबाईंना मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हणाल्या, "उद्याच्या पैल्या गाडीनं जा." मंगळवारी पहाटे त्यांनी भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी घातली, फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवली. मी उठलेच नाही. मी देवघरात बसले होते. पाण्याच्या हंड्यावर, दुधावर, पिठाच्या डब्यावर तुळशीची पानं ठेवली होती. विळी पोत्याखाली सरकवली होती.

"ह्ये काय मांडलंयस?" आत्याबाई दारात उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, उद्या ते पडायचं आहे. ते पडू दे, परवा जाते."

"त्ये काय यष्टी हाय व्हय, उद्या येतंय म्हणाया? आन ही तुळस कशापायी? गिराण हाय काय?"

"ग्रहणासारखंच की."

"पंचांगात हाय?"

"नाही."

"मग न्हाई! त्यांचं मडकं फुटलंय, त्येचं सुतक आपण पाळायचं? मॅट्रिक झालीस ना गं तू? मी आंगठा उठवणारी, मला कळतंय, तुला कळंना?" त्यांनी पोत्याखालची विळी काढली आणि माझ्यासमोर बसून कचाकचा कांदा चिरला. मी तोंड फिरवलं. मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, मरणाऱ्या माणसानं बोलीवलंय. तुज्या मास्तरीण बाई हायती त्या. मी संगं येती. चल."

"तुम्ही जा म्हणता, आणि मागच्यासारखं झालं तर?" मी म्हणाले. त्यांनी विळी बाजूला सारली. त्यांना दोडक्याचं माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी भाकरीचं फडकं उचललं आणि आत नेलं.

बुधवारचा दिवस मी देवापुढे सरळ बसून काढला. पाय मोडून बसायचं नाही, काही तोडायचं नाही, नखसुद्धा नाही. जप करत होते आणि जपाच्या मधे मधे तुम्ही येत होता. आज इतक्या वर्षांनी मी तिथे बसलेली मलाच दिसते. बाहेर ऊन-ढग चाललं आहे, कावळा ओरडतो, लांब कुणी ट्रॅक्टर चालू करतं आणि मी दचकते. भीती अशी की तोंडाला कोरड पडली आहे, आणि पाणी प्यायचीही भीती. शिकलेल्या बाईची भीती वेगळी असते, बाई. अडाण्याला नुसतं पडेल एवढंच वाटतं. मला ते का पडतंय हेही माहीत होतं.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, लांब समुद्रात आणि पलीकडच्या ओसाड मुलखात तुकडे पडले, कुणाला काही झालं नाही. मी तशीच उठले. आत्याबाई बरोबर आल्या. कंडक्टर म्हणत होता, "बसा, बसा, आता काय भ्या न्हाई, आभाळ रिकामं झालं!" गाडी हसत होती. मिरजेला पोचलो तर तुमच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. तुमची बहीण व्हरांड्यात होती. बुधवारी दुपारी, म्हणाली. "सकाळपासून चारदा विचारलं तिनं, पडलं का गं ते? मी म्हटलं, नाही अजून, झोप तू. तुमचंही विचारलं. मग म्हणाली, ती आज यायची नाही." मी एकदम म्हणाले, "सासूबाईंनी सोडलं नाही हो. सातवा महिना ना." आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्या बहिणीकडे बघून म्हणाल्या, "व्हय. मीच न्हाई सोडलं. चुकी झाली." आणि पदराने तोंड पुसलं.

त्यांनी ते ओझं मरेपर्यंत वाहिलं. मुलगी झाली, धडधाकट झाली, तिला ही गोष्ट मी किती वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यात आजी आडवी येते. आत्याबाई ऐकत बसायच्या. एकदाही बोलल्या नाहीत.

दुपारच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही असं नाही. मी महिन्याचा खर्च मांडणारी बाई आहे, पैसा किती हे मीही आधीच विचारीन. पण तुम्ही शिकवलंत तेच मला अजून पटतं. पाठवायचं तर शेवटचा माणूस उंबऱ्याच्या आत येईपर्यंत मागे उभं राहायचं, नाहीतर पाठवूच नये. एवढं सांगायला तोंड उघडलं की मला मिरजेची खाट दिसते, आणि मी दुधाकडे जाते. जी बाई आष्ट्याहून मिरजेला येऊ शकली नाही, तिने कुणाच्या मागे उभं राहायच्या गोष्टी कराव्यात?

गेल्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशनला मी मिरजेलाच होते. चार दिवस उताणी. कूस बदलता येत नव्हती. वर छत, पंखा, आणि छताच्या वर काय आहे ते दिसत नाही. तिथे मला तुमचं ते चारदा विचारणं आठवलं. इतकी वर्षं मी लोकांना कौतुकाने सांगत आले, बघा, शेवटच्या श्वासापर्यंत शास्त्राच्या बाई. पण ज्याला नुसतं कुतूहल असतं ते एकदा विचारतं, बाई. चारदा विचारतं ते घाबरलेलं माणूस. तुम्हाला हलता येत नव्हतं, वरून काहीतरी येत होतं, आणि तुम्हालाही कुणीतरी हात धरून 'नाही पडत हो' म्हणायला हवं होतं. दोघी एकाच गोष्टीला भ्यालो होतो. मी येऊन बसले असते तर निदान दोघी मिळून भ्यालो असतो.

हे पत्र जुन्या डायरीच्या पाठच्या पानांवर लिहिते आहे, फाडणार नाही. मुलगी बाहेरून हाक मारते आहे. जाऊन तिला काहीतरी सांगेन, जावयांचंही थोडं बरोबर आणि तुझंही थोडं बरोबर, असं. आजीने मला अडवलं नव्हतं, हे मात्र सांगणार नाही. आजच सांगावं असं मघाशी वाटलं होतं. आता एवढं लिहून झाल्यावर वाटत नाही.